खाऱ्या मत्स्यपेटीचा श्वास : पंपाची निगा

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांचे नाव त्याला देण्यात आले, आणि मुंबई पाहायला गेलेल्या कित्येक कुटुंबांनी समुद्रातील जिवंत मासे प्रथम पाहिले ते तेथेच. त्या मत्स्यालयाचे एक भाग्य असे की समुद्र रस्त्यापलीकडेच होता. नायगावचे तसे नाही. नांदेड–देगलूर रस्त्यावरील या गावापासून कोणताही किनारा चारशे किलोमीटरांहून दूर आहे. येथे कुणी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी मांडली, तर समुद्र पुडक्यातून आणावा लागतो. आरओच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम कृत्रिम सागरी मीठ मिसळले की पाणी तयार होते. स्वयंपाकघरातील मीठ यासाठी चालत नाही. लाटा मात्र पुडक्यात मिळत नाहीत. ते काम पंपाचे.

पेटी घेताना माशांचे रंग पाहिले जातात, काचेची जाडी विचारली जाते. पंपाची चौकशी क्वचितच होते. वास्तविक सारा भार त्याच्यावर असतो. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्याच्या तुलनेत समुद्राच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ एक पंचमांशाने कमी विरघळतो, आणि पाणी जितके तापेल तितका तो आणखी घटतो. मराठवाड्यातील वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही शिल्लक फारच तुटपुंजी राहते. शिवाय माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू गाळणीत राहतात. त्यांनाही वाहते, प्राणवायूयुक्त पाणी लागते. पंप रात्री बंद पडला आणि सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आले नाही, तर गर्दीच्या पेटीतील मासे दगावू शकतात. यांतील बरेच मासे प्रवाळखडकांतून पकडून आणलेले असतात. देखभाल जमणार नसेल, तर अशी पेटी घरात न आणणेच योग्य.

पंप थांबतो तो बहुधा जळून नव्हे, क्षार साचून. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पंपाची मोटर चालताना थोडी तापते, आणि कॅल्शियम कार्बोनेट गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळते. म्हणून त्याचा पांढरा थर नेमका चुंबकावर आणि त्याच्या पोकळीत बसतो. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर चढणारी खापरी ज्यांनी खरवडली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. थर वाढला की फिरणारे पाते, म्हणजे इम्पेलर, घासू लागते. पाण्याची धार मंदावणे, घरघर येणे, वीज जाऊन आल्यावर पंप आपोआप सुरू न होणे ही त्याची लक्षणे. यांतील शेवटचे सर्वांत फसवे, कारण पंप अडल्याचे वीज जाऊन आल्यावरच कळते.

सफाईचे काम अवघड नाही. प्रथम पेटीतील सर्व विजेची उपकरणे बंद करून प्लग काढावेत. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. पंप बाहेर काढल्यावर तो लगेच व्हिनेगरमध्ये बुडवू नये. त्याच्या जाळीत आणि कोनाकोपऱ्यांत बारीक सागरी जीव वस्तीला आलेले असतात. बादलीत पेटीतलेच पाणी घेऊन पंप त्यात हलक्या हाताने हलवावा आणि सुटलेले जीव त्या पाण्यासह पेटीत परत सोडावेत. पाणी गाळून जीवाणी मूळ जागी पोचवणाऱ्या घरांना यात नवे काही वाटणार नाही.

मग पुढचे झाकण उघडून पाते व चुंबक ओढून काढावे. त्यातील दांडी अनेकदा सिरॅमिकची असते आणि किंचित वाकवली तरी मोडते. येथे घाई महागात पडते. पांढरे व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन, किंवा लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवून, सुटे भाग त्यात काही तास ठेवावेत. बुडबुडे येतात ते क्षार विरघळत असल्याची खूण. नंतर जुन्या टूथब्रशने पोकळी आतून घासावी आणि सर्व भाग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावेत. साबण, भांड्यांची पावडर, फरशीचे ॲसिड यांना हात लावू नये. स्पंज मात्र व्हिनेगरमध्ये नव्हे, पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या क्लोरीनने त्यातील उपयुक्त जिवाणू मरतात.

दर तीन महिन्यांनी ही सफाई पुरेशी ठरते. पाणी कडक असेल वा पेटीत चुनखडी लवकर जमत असेल, तर दोन महिन्यांनी. रबरी बूच, रिंग आणि वायरचे आवरण याच वेळी तपासावे. तारीख वहीत लिहून ठेवावी, कारण स्मरणशक्तीवर चालणारी देखभाल पहिल्याच लग्नसराईत चुकते. काही जण कूलरचा स्वस्त पंप बसवून पैसे वाचवतात. त्यात लोखंडी दांडी असेल तर ती खाऱ्या पाण्यात गंजते आणि वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट नुकसान होते. त्यापेक्षा त्याच मापाचा दुसरा पंप स्वच्छ करून कपाटात ठेवावा आणि वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप जवळ असावा.

सम्मेदशिखरजीच्या यात्रेला किंवा मुलाकडे पुण्याला महिनाभर जायचे असेल, तर पंपाची सफाई निघायच्या आदल्या दिवशी करू नये. ती आठ दिवस आधी उरकावी. झाकण नीट बसले नसेल, रिंग सरकली असेल, तर ते घरात माणसे असतानाच उघड होते. शेजाऱ्याकडे किल्ली देताना खाणे किती घालायचे ते सारेच सांगतात. पंपाचा आवाज कसा असतो, तेही त्याला एकदा ऐकवून ठेवावे.