अ-समरीत निजलेले खून

पोंभुर्ण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या जंगलपट्ट्यात बेवारस मृतदेह प्रथम दिसतो तो मोहफुले वेचणाऱ्या बाईला, तेंदूपाने तोडणाऱ्या मजुराला किंवा एखाद्या गुराख्याला. तोवर चार-दोन दिवस उलटलेले असतात. वळवाचा पाऊस पडून गेला, तर मातीवरच्या खुणाही पुसल्या जातात. ठाण्यात आधी मर्ग दाखल होतो. हा मृत्यू जनावरामुळे झाला, सर्पदंशाने झाला, की माणसाच्या हातून, या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळण्यास वेळ लागतो. व्हिसेरा तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो. इकडे मृताच्या घरची माणसे ठाण्याच्या ओट्यावर बसून राहतात.

या तपासाची धुरा पुष्कळदा एखाद्या तरुण फौजदाराकडे असते. नाशिकच्या प्रबोधिनीतून बाहेर पडलेल्या कित्येक उपनिरीक्षकांच्या नोकरीचा आरंभ गडचिरोलीत होतो. पहिला पंचनामा, पहिले जबाब, मृताच्या आईला दिलेला पहिला शब्द, हे सारे त्याच्या मनावर कोरले जाते. छडा लागला नाही, तर तो खून जन्मभर त्याची पाठ सोडीत नाही. रहस्यकथांना हा विषय प्रिय आहे; तेथे वृद्ध गुप्तहेर शेवटच्या प्रकरणात खुन्याला गाठतो. आपल्याकडील वास्तव निराळे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार उपनिरीक्षकापासून निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्याचा एका ठाण्यातील सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा. त्यानंतर बदली होते. खुनाची आठवण अधिकाऱ्याबरोबर जाते आणि कागद ठाण्यात राहतात.

त्या कागदांवर अखेर ‘अ-समरी’चा शिक्का बसतो. गुन्हा खरा, परंतु गुन्हेगाराचा शोध लागत नाही, असा याचा अर्थ. दंडाधिकाऱ्याने तिला मान्यता दिली, तरी प्रकरण कायद्याने मरत नाही. खुनाच्या गुन्ह्याला आपल्याकडे कालमर्यादा नाही. नवा धागा मिळताच पुढील तपास करता येतो. पण धागा शोधणारेच कोणी उरले नाही, तर तो मिळणार कसा?

जुन्या नोंदींचे मोल काय असते, हे मुंबईने अनुभवले आहे. 1965-66 मध्ये पूर्व उपनगरांत उघड्यावर व झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर रात्री प्राणघातक हल्ले झाले. त्या वेळी रामन राघव पोलिसांच्या हाती आला होता, पण पुरेशा पुराव्याअभावी सुटला. 1968 मध्ये हत्यांचे सत्र पुन्हा सुरू झाले. रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी छायाचित्रे व लोकांनी सांगितलेले वर्णन यांवरून त्याला ओळखले. त्याच्या कबुलीत 1966 चे खूनही आले. जुने प्रकरण आणि नवे प्रकरण यांची सांगड घातली गेली, म्हणून हे घडले.

नुसती चिकाटीही पुरत नाही. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा 28 फेब्रुवारी 1986 रोजी स्टॉकहोममध्ये भर रस्त्यात खून झाला. तपास 34 वर्षे चालला. 2020 मध्ये तो थांबविण्यात आला, तेव्हा ज्याच्यावर बोट ठेवले गेले तो मनुष्य 2000 सालीच मरण पावला होता. तरीही त्या देशाने खुनाची कालमर्यादा 2010 मध्ये रद्द केली आणि शोध जिवंत ठेवला. मारला गेला तो पंतप्रधान होता, हे खरे. पोंभुर्ण्याच्या शेतमजुरासाठी इतका खटाटोप कोण करणार, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु खुनाचे कलम मृताची पायरी पाहून लिहिलेले नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तपासाची प्रगती 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळविण्याचे बंधन घातले आहे. गंभीर गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जावे, अशीही तरतूद आहे. हे स्वागतार्ह आहे. पण एक्याण्णवाव्या दिवसानंतर काय? प्रत्येक जिल्ह्यात अ-समरीतील खुनांचा वर्षातून एकदा पोलीस अधीक्षकांनी स्वतः आढावा घ्यावा. बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्याने आपले संशय व अर्धवट राहिलेले धागे लेखी टिपणात ठेवावेत. रक्ताचे डाग असलेला मुद्देमाल नीट जपावा, कारण आज निरुपयोगी वाटणारे कापड उद्या डीएनए चाचणीत बोलू शकते. यासाठी नवा कायदा नको, पैसाही फारसा नको.

आपला पहिला खून न विसरणारा अधिकारी हे पोलीस दलाचे धन आहे. मात्र त्याच्या निवृत्तीबरोबर ती आठवणही घरी जात असेल, तर शासनाने काय जपले? ठाण्याच्या ओट्यावर बसलेली ती आई कोणा एका फौजदाराकडे न्याय मागायला आलेली नव्हती. ती सरकारकडे आली होती. फौजदार बदलतात. सरकारला बदली नसते.