जलमार्ग क्रमांक ८९

वरंध घाटाच्या माथ्यावर उभं राहिलं की पावसाच्या दोन वाटा दिसतात. पूर्वेला पडलेला थेंब नीरा-देवघरच्या जलाशयात उतरतो. तिथून नीरा, भीमा, कृष्णा असा देश ओलांडत तो बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेला पडलेल्या थेंबाला एवढी उसंत नसते. कावळ्या किल्ल्याच्या कड्यावरून तो कोसळतो, माझेरी, वरंध, शिवथरच्या ओढ्यांतून धावत सावित्रीला मिळतो आणि दासगावच्या आसपास त्याला खारं पाणी भेटतं. डोंगराचं गोडं पाणी आणि समुद्राची भरती जिथे समोरासमोर येतात, तिथून बाणकोटच्या मुखापर्यंतची नदी हा या लेखाचा विषय आहे.

२०१६ साली संसदेच्या कायद्याने देशातल्या १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा मिळाला. त्या यादीत ८९ व्या क्रमांकावर आपली सावित्री आहे: बाणकोट खाडी, लांबी सुमारे ४६ किलोमीटर. मुंबई-गोवा रस्त्याचा क्रमांक महाड-पोलादपुरात शाळकरी पोरालाही पाठ असतो. नदीलाही राष्ट्रीय क्रमांक आहे हे सांगितलं तर मोठी माणसंसुद्धा चकित होतात.

खरं तर चकित व्हायचं कारण नाही. महाड हे आधी बंदर होतं, रस्त्यावरचं गाव ते फार नंतर झालं. गावाला खेटून असलेली गांधारपाल्याची बौद्ध लेणी व्यापारी वाटेवरच कोरली गेली. पेरिप्लस या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनातलं ‘पलईपटमई’ म्हणजे हेच पाले, असं काही अभ्यासक मानतात. घाटावरून बैलांचे तांडे वरंध, मढे, शेवत्या, पार अशा वाटांनी उतरत आणि मीठ, सुकी मासळी घेऊन परत चढत. डोंगर उतरलेला माल महाड-दासगावला पाण्यावर चढायचा. पडाव आणि मचवे भरतीबरोबर वर येत, ओहोटीबरोबर खाली जात. खोल बुडीची गलबतं मात्र म्हाप्रळच्या पुढे सहसा येत नसत. बाणकोटचं महत्त्व इंग्रजांनी लवकर ओळखलं. १७५५ मध्ये त्यांनी तो किल्ला घेतला, पुढच्या वर्षी पेशव्यांशी तह करून तो स्वतःकडे ठेवला आणि त्याला व्हिक्टोरिया हे नाव दिलं. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकल्यावर दुसरा बाजीराव पळाला तो महाडला. तिथून सुवर्णदुर्ग आणि मग समुद्राने वसई. त्या प्रवासाच्या शेवटी झालेल्या वसईच्या तहाचे परिणाम आपण इतिहासात वाचतोच.

पण या जलमार्गावरचा सगळ्यात मोलाचा प्रवास १९२७ सालचा. २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेसाठी महाडला निघाले. धरमतरवरून मोटारीने यायचं तर मोटारमालक ऐनवेळी अडवतील अशी भीती होती. म्हणून त्यांनी पाण्याची वाट धरली. ‘पद्मावती’ बोटीने प्रतिनिधी मुंबईहून निघाले, खाडीने दासगावला उतरले आणि तिथून पाचेक मैल चालत महाडला आले. २५ डिसेंबरच्या संध्याकाळी मनुस्मृतीचं दहन झालं. रस्ता अडवणारे खूप होते, खाडी अडवणं कोणाच्या हातात नव्हतं. दासगावच्या बंदरावर आजही हे वाक्य कुणी दगडावर कोरावं, असं मला मनापासून वाटतं.

आता बोटी कशा चालतात याकडे वळू, कारण सावित्रीचं दुखणं त्याशिवाय कळायचं नाही. जगातल्या मोठ्या नद्यांवर माल वाहतात ते बार्ज. बार्ज म्हणजे सपाट तळाचा, बहुतेकदा इंजिन नसलेला लोखंडी पेटारा. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर असे पंधरा बार्ज, तीन रुंद आणि पाच लांब, पोलादी दोरांनी एकमेकांना आवळून बांधतात आणि मागून एकच बोट त्यांना नेते. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘ओढणारी बोट’, पण ती ओढत नाही, ढकलते. नाक सपाट, बार्जच्या पाठीला चिकटवलेलं. एका बार्जमध्ये साडेतेराशे टनांच्या आसपास धान्य किंवा कोळसा मावतो. पंधरा बार्जचा तो तांडा म्हणजे हजारभर ट्रक. आपल्याकडे जलमार्गांच्या बाजूने नेहमी दिला जाणारा हिशेबही याच जातीचा आहे. एक लिटर डिझेलमध्ये रस्त्याने २४ टन माल एक किलोमीटर जातो, रेल्वेने ८५ टन आणि पाण्यातून १०५ टन.

नदीला उतार असतो. उतारावर पाणी उथळ आणि वेगवान होतं. म्हणून बांध घालून नदीच्या पायऱ्या करतात आणि बोटीला पायरी चढवण्यासाठी जलपाश बांधतात. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली लांबट टाकी. बोट आत शिरली की मागचं दार लागतं, वरच्या अंगाचं पाणी आपल्या वजनाने टाकीत येतं, बोट उचलली जाते, पुढचं दार उघडतं. पंप लागत नाही. मिसिसिपीच्या वरच्या भागात असे २९ जलपाश आहेत आणि त्यांतले बरेचसे १९३० च्या दशकातले. तेव्हा ६०० फुटांची टाकी पुरेशी वाटली होती. आजचा पंधरा बार्जचा तांडा जवळजवळ दुप्पट लांब असतो. मग तो मधून तोडतात, आधी नऊ बार्ज पलीकडे, नंतर उरलेले सहा आणि बोट, मग पुन्हा बांधाबांध. अर्ध्या-पाऊण तासाच्या कामाला दीड-दोन तास जातात. मागे रांग लागते. ओहायो नदीवरचे १९२० च्या दशकाच्या अखेरचे दोन जलपाश तर इतके थकले होते की त्यांच्या जागी ऑल्मस्टेडला नवं बांधकाम करायचं १९८८ मध्ये मंजूर झालं. ते उघडलं २०१८ मध्ये. ७७ कोटी डॉलरचा अंदाज तीन अब्जांच्या घरात गेला. तीस वर्षं ते जुने जलपाश ठिगळं लावून चालवले गेले.

आपल्याकडे जलपाश पाहायचा तर मुंबईला जावं. इंदिरा गोदी, म्हणजे १९१४ मध्ये उघडलेली अलेक्झांड्रा डॉक. तिच्या तोंडाशी २२८.६ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद जलपाश आहे. बाहेर भरती-ओहोटी काहीही असो, आतलं पाणी राखलं जातं.

सावित्रीवर जलपाश नाही. इथे ते काम भरती करते. महाबळेश्वरच्या तेराशेहून अधिक मीटर उंचीवरून निघालेली नदी पोलादपूरपर्यंत जवळजवळ सगळी उंची उतरून येते, त्यामुळे पोलादपूरच्या अंगाला बोट नेण्याची गोष्टच नको. पण महाडच्या खाली तळ इतका सपाट आहे की समुद्र रोज दोनदा आत येतो आणि नदी उचलून धरतो. जुन्या तांडेलांना घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास. बाणकोटला भरती लागल्यावर ती वर चढायला लागणारा वेळ त्यात मिळवायचा, आणि उधाण आहे की भांग, म्हणजे भरती मोठी की लहान, हे पाहून किती माल भरायचा ते ठरवायचं. जगातला सगळ्यात स्वस्त जलपाश आहे हा. त्याची दारं गंजत नाहीत, त्याला वीज लागत नाही. एकच गोष्ट त्याला निकामी करते आणि ती म्हणजे गाळ.

गाळ येतो घाटातून. २५-२६ जुलै २००५ ला दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि महाड तालुक्यात दीडशेहून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला तळिये गाव डोंगराखाली गेलं, ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच दिवशी महाड शहर पाण्यात होतं. या माणसांचा हिशेब वेगळा आणि कधीही न फिटणारा. पण त्या डोंगरांची जी माती खाली आली, ती कुठे गेली? नाल्यांतून नदीत, नदीतून खाडीत. जिथे भरती आणि पूर एकमेकांना थोपवतात तिथे पाणी मंदावतं आणि माती खाली बसते. दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाने पुराचं पाणी तुंबतं असं महाडकर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. २०२१ नंतर सावित्री आणि गांधारीतला गाळ काढायचं काम हाती घेतलं गेलं, ते पूरनिवारण म्हणून. जलमार्ग म्हणून त्याच तळाचा विचार करायचा तो दुसऱ्या खात्याने. पुराला जी खोली लागते तीच बोटीला लागते. नदीचा तळ एकच आहे, त्याच्या फायली दोन आहेत.

आणि पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री राजेवाडी फाट्याजवळचा सावित्रीवरचा दगडी पूल वाहून गेला. तो १९२८ चा, म्हणजे ओहायोवरच्या त्या दोन जलपाशांचा समवयस्क. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि एक मोटार नदीत गेली. चाळीसेक माणसं. काहींचे देह पार समुद्रापर्यंत, आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत गेले. नदी समुद्राला किती थेट जोडलेली आहे हे त्या आठवड्यात साऱ्या महाराष्ट्राने अशा रीतीने पाहिलं, ते कोणालाच पाहावं लागू नये. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी होऊन तो सुरक्षित ठरला होता, असं तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. म्हणजे ठरवलं तर साडेपाच महिने पुरतात. अमेरिकेला तीस वर्षं लागली, पण तिथे जुनं मोडण्याआधी नवं उभं राहिलं. मला या दोन्ही गोष्टींतला वेग आणि सावधपणा एकत्र हवा आहे.

पूल थकला की बोट आठवते, हेही आपण पाहिलं आहे. आंबेत-म्हाप्रळचा पूल २०२१-२२ च्या सुमारास दुरुस्तीसाठी बंद झाला तेव्हा रायगड आणि रत्नागिरी जोडायला फेरीबोटच आणावी लागली. मुखाशी वेशवी-बागमांडला फेरी तर वर्षानुवर्षं मोटारी, दुचाक्या आणि माणसं पलीकडे नेते आहे. कोकणाला पाण्याची वाट नवी नाही, ती फक्त अडचणीच्या वेळेपुरती उरली आहे.

शेजारी पाहा. याच रायगड जिल्ह्यात अंबा नदीवर, धरमतरच्या खाडीत, बार्जची ये-जा दिवसरात्र चालते. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी जयगडहून खनिज आणि कोळसा पाण्याने येतो, आणि अंबेच्या या जलमार्ग क्रमांक १० ची गणना देशातल्या सर्वाधिक माल वाहणाऱ्या मार्गांत होते. गोव्यात मांडवी आणि जुवारीवर पोर्तुगीज काळापासून खनिजाचे बार्ज. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि लाटा यांमुळे वाट बंद झाली की बार्जवाले कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत निघतात. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा तिथले बार्ज धक्क्याला गंजत पडले. बार्जचं पोट एकाच मालावर असेल तर तो माल थांबताच नदी रिकामी होते, हा गोव्याचा धडा सावित्रीसाठी फार कामाचा.

म्हणून मला सावित्रीवर पंधरा बार्जचे तांडे नको आहेत. अंबेसारखा एका कारखान्याचा मार्गही नको. औद्योगिक वसाहतीतली रसायनं या खाडीतून जाता कामा नयेत. इथे कोळीबांधवांची जाळी आहेत, खाजणातली भातशेती आहे, महाडजवळ काठावर उन्हं घेणाऱ्या मगरी आहेत. तळ बेताबाहेर खोल केला तर खारं पाणी वर सरकून विहिरी बिघडतील, आणि सक्शन पंपाने वाळू उपसली तर पुलांचे पाये उघडे पडतील. डुबी मारून हातपाटीने वाळू काढणाऱ्यांना नदीचा तळ पायाने माहीत असतो. पंपाला ती जाण नाही. मला हवी आहे ती लहान, उथळ बुडीची, स्वतःच्या इंजिनावर चालणारी बोट. भरतीबरोबर दासगावपर्यंत येईल, दगड, सिमेंट, आंबा, भात नेईल. आणि एक प्रवासी लाँच. पावसाळ्यात दरडींनी वरंध घाट बंद होतो, पुरात महामार्ग बंद होतो. अशा दिवशी महाडच्या माणसाला बाहेर पडायला तिसरी वाट असावी, आणि ती पूर ओसरताच चालू होईल अशी सज्ज असावी.

त्यासाठी पहिलं काम अगदी लहान आहे. नदी किती खोल आहे हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. दासगाव, आंबेत आणि म्हाप्रळच्या धक्क्यांवर पाण्याची खोली दाखवणारी पट्टी ठोकावी. दर अमावास्येला पूर्ण ओहोटीच्या वेळी तिचा आकडा वाचून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, शाळेतल्या मुलांकडून लिहून घ्यावा. दोन पावसाळ्यांचे आकडे हाती आले की गाळ कुठे आणि किती वाढतो यावर वाद घालायची गरज उरणार नाही. महाड आणि पोलादपूरच्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे: येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि पट्टी या दिवाळीनंतरच्या पहिल्या अमावास्येच्या आत लागेल असं पाहा.