तडा कोठे जातो?

वैशाखात यावल परिसरातील काळ्या रानाला भेगा पडतात. ओल उडाली की माती आकसू पाहते; खालचा थर तिला मोकळेपणी आकसू देत नाही; या ओढाताणीत ती फाटते. काँक्रीटचा स्वभावही काहीसा असाच आहे. दाब ते उत्तम पेलते. ओढ मात्र त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकीच सोसते. म्हणून मोठ्या भिंतीला तडा कोठे जाईल व किती धावेल, हा प्रश्न स्थापत्यशास्त्राच्या कित्येक प्राध्यापकांना जन्मभर पुरला आहे. त्याची प्रसिद्ध कसोटी आपल्याच महाराष्ट्रात आहे.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर हादरले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण त्याच्या दोन्ही अंगांस आडवे तडे गेले. तेही पायाशी नव्हे, तर माथ्याखाली सुमारे ३६ मीटरांवर, जेथे भिंतीचा उतार एकाएकी बदलतो तेथे. आराखड्यात भूकंपाचा जोर वजनाच्या पाच टक्के आणि सर्व उंचीवर सारखाच धरलेला होता. प्रत्यक्षात भिंत छडीसारखी डोलते. माथा पायापेक्षा अधिक झुलतो आणि ओढ त्या बदलत्या उताराशी एकवटते. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली गणिताने हे दाखवून दिले. धरणालाही पुढे टेकू देऊन बळकटी आणली गेली.

परंतु सुरू झालेला तडा थांबतो कोठे? संगणकात भिंतीचे लहान लहान तुकडे कल्पून हिशेब करतात. नुसती ताकदच हिशेबात धरली, तर तुकडे जितके बारीक, तितका तडा स्वस्तात धावतो. म्हणजे उत्तर भिंतीचे नव्हे, तुकड्यांचे! ग्रिफिथ यांनी १९२१ साली काचेविषयी दाखवले होते की, तडा वाढण्यास ऊर्जा खर्ची पडते. स्वीडनच्या हिलरबोर्ग यांनी १९७६ साली काँक्रीटसाठी हिशेबाची रीत बसवली: तड्याच्या टोकाशी खडी दोन्ही कडा धरून ठेवते, आणि ती पकड सुटण्यास ठराविक ऊर्जा लागते. ती मोजून हिशेबात घेतली की उत्तर स्थिर होते.

आजही संशोधक आपली नवी रीत कोयनेच्या भिंतीवर पारखतात. आम्हांस हे योग्यच वाटते. ज्या गणिताला घडून गेलेला तडा सापडत नाही, त्याच्या भरवशावर धरणाखालच्या गावांनी निर्धास्त झोपावे, असे कोण म्हणेल?