परदेशातला किराणा : पाकीट उलटून पाहा

तुळजापूरचे आई-वडील परदेशातल्या लेकाकडे निघाले, की बॅगेत आधी काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचे पीठ जाते. महिनाभरात ते संपते आणि मग जवळचे ‘इंडियन स्टोअर’ शोधले जाते. लंडनचे साउथॉल असो वा न्यू जर्सीतील एडिसन, तिथे बहुतेक सगळे मिळते. मात्र रक्तदाबाच्या रुग्णांनी पाकीट घेण्याआधी ते उलटून मागचा मजकूर वाचावा.

पाहायचे ते मीठ. अमेरिकेत ते ‘सोडियम’ म्हणून मिलिग्रॅममध्ये छापतात, ब्रिटन-युरोपात ‘सॉल्ट’ म्हणून ग्रॅममध्ये. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ खावे. मोठा चमचाभर सोया सॉसमध्येच सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ असते. लोणचे, पापड आणि तयार मसाल्यांतही मीठ भरपूर असते. अमेरिकेत मोठ्या अक्षरातला आकडा बहुधा एका वाढपाचा असतो, पूर्ण बाटलीचा नव्हे. युरोपात तो १०० ग्रॅममागे असतो.

यावर उपाय म्हणून अनेक जण ‘लो सोडियम’ मीठ उचलतात. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नये.

खड्याच्या हिंगाऐवजी मिळणाऱ्या हिंग पावडरीत अनेकदा गव्हाचे पीठ असते. ज्यांना गहू वर्ज्य आहे, त्यांनी घटकांची यादी वाचावी.

घरून मसाला नेतानाही काळजी हवी. अनेक घरांत काळ्या मसाल्यात खसखस पडते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे. दुबईमार्गे जाणाऱ्यांनीही ती टाळावी.

सोपा मार्ग म्हणजे तयार चटण्या, मसाल्यांऐवजी ज्वारीचे पीठ, डाळी, बिनखारे शेंगदाणे आणि साधे लाल तिखट घ्यावे. चटणी घरीच कुटली, की मीठ किती घालायचे ते आपल्याला ठरवता येते. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या पुरेशा घ्याव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवावी.