संगणकांचे नियम एकाच जागी ठेवा

पनवेलच्या पेठेत किंवा कळंबोलीच्या पोलाद बाजारात आठ-दहा संगणकांची पेढी आता नवलाची राहिलेली नाही. पेनड्राइव्ह कोणी लावावा, कोणता प्रोग्राम कोणी उघडावा, हे सर्व्हरवरून ठरवता येते. विंडोज २००० पासून ही ‘ग्रुप पॉलिसी’ची सोय आहे, मात्र विंडोजच्या होम आवृत्तीचे संगणक त्यात जोडता येत नाहीत. खरेदीच्या वेळीच हे पाहावे.

टेम्पलेट म्हणजे नियमांचा कोरा नमुना. प्रत्येक संगणकावर त्याची निराळी प्रत असते. एकावर जुनी, दुसऱ्यावर नवी असली की एकीकडे दिसणारा नियम दुसरीकडे दिसत नाही. उपाय सोपा आहे. सर्व्हरच्या ‘सिसव्हॉल’मधील ‘पॉलिसीज’ फोल्डरात ‘पॉलिसीडेफिनिशन्स’ हा फोल्डर तयार करावा आणि नवे नमुने, त्यांच्या भाषेच्या फायलींसह, तेथे ठेवावेत. मग नियम ठरवताना तेथलेच नमुने वाचले जातात.

बदल करण्यापूर्वी जुन्या नमुन्यांची प्रत जरूर ठेवावी. नमुना काढला तरी आधीचा नियम लागूच राहतो, फक्त नीट दिसत नाही. गिऱ्हाइकांचा हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे. तिच्या कुलपाची किल्ली कोठे आहे, हे मालकाला ठाऊक असलेच पाहिजे.