तरस कुत्र्याच्या जवळचं की मांजराच्या? एका कंसाची गोष्ट

आपल्याकडच्या पट्टेरी तरसाचं शास्त्रीय नाव पूर्ण लिहिलं तर असं होतं: हायना हायना (लिनिअस, १७५८). आता लांडग्याचं बघा: केनिस लुपस लिनिअस, १७५८. नाव देणारा माणूस तोच, वर्षही तेच. मग एकीकडे कंस आणि दुसरीकडे नाही, असं का? एम.एस्सी.ला असताना मला ही छपाईतली चूक वाटायची. पण तो नियम आहे.

प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात: एखादी जाती (स्पीशीज) पहिल्यांदा ज्या प्रजातीत (जीनस) ठेवली गेली, तिथून ती नंतर हलवली, तर मूळ लेखकाचं नाव आणि वर्ष कंसात लिहायचं. लिनिअसने तरसाला नाव दिलं होतं केनिस हायना. म्हणजे थेट कुत्र्या-लांडग्यांच्या प्रजातीत! तो कंस म्हणजे 'हे वर्गीकरण पुढे बदललं' याची नोंद आहे.

लिनिअसला हसू नका. लांब पाय, लांब तोंड, आत न जाणाऱ्या नख्या. बघणारा कुणीही कुत्राच म्हणेल. पण प्रश्न असा आहे की हे साम्य समान पूर्वजाकडून आलं की सारख्या राहणीमुळे? पुष्कळ चालायचं, मेलेलं जनावर शोधून खायचं, अशी राहणी असली की दूरच्या नात्यातले प्राणीही सारखे दिसू लागतात. यालाच कन्व्हर्जन्स म्हणतात. दातांत हे छान दिसतं. लांडगा हाडं फोडतो ती मुख्यतः मागच्या दाढांनी, म्हणजे मोलरनी. तरस फोडतं ती त्यांच्या पुढच्या प्रीमोलरनी. काम एक, हत्यार वेगळं.

१८६९ मध्ये विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी मांसभक्षी गणाचं, म्हणजे कार्निव्होराचं, वर्गीकरण कवटीच्या तळाच्या रचनेवरून मांडलं. कानामागचा हाडांचा फुगवटा, रक्तवाहिन्यांची छिद्रं अशी लक्षणं त्यांनी तपासली. ही लक्षणं का? कारण खाण्या-धावण्याशी त्यांचा थेट संबंध कमी. त्यांनी तरसाला मांजर-मुंगसाच्या बाजूला ठेवलं. गंमत म्हणजे तरसाच्या कानाचा फुगवटा हुबेहूब मांजरासारखा नाही. म्हणजे एका लक्षणावर निकाल लागला नाही, अनेक एकत्र बघावी लागली. पुढे डीएनएच्या अभ्यासांनीही हीच बाजू पक्की केली: तरसांचं कुळ मांजरांच्या उपगणात येतं, आणि त्यातही मुंगूस आणि मादागास्करचे मांसभक्षी प्राणी त्याला सगळ्यांत जवळचे.

याचा तुमच्या संशोधनाशी काय संबंध? समजा, हाडं फोडायची क्षमता तरसाच्या वंशात केव्हा आली, हे तुम्हाला शोधायचंय. तुलनेसाठी दिसायला सारखा म्हणून फक्त लांडगा घेतलात, तर 'दोघांतही आहे, म्हणजे पूर्वजातही असणार' असा निष्कर्ष निघेल. मुंगूस आणि मांजर घेतलंत की चित्र उलटतं. मोजमाप अचूक, आकडेमोड बरोबर, आणि तरीही उत्तर चूक! आउटग्रुप निवडताना झालेली चूक नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

आणखी एक सापळा म्हणजे नाव. 'कार्निव्होरा' वाचून सगळे मांस खाणारे असं धरू नका. आज तरसांच्या कुळात फक्त चार जाती उरल्या आहेत, आणि त्यातली एक, आफ्रिकेतला आर्डवुल्फ, मुख्यतः वाळवीवर जगते. तिच्या दाढा अगदी खुंटलेल्या आहेत. तरी ती कार्निव्होरातच, कारण गण नात्यावरून ठरतो, जेवणावरून नाही.

म्हणून प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा आधी आपल्या प्राण्याचं पूर्ण नाव लिहा, लेखक आणि वर्षासकट. कंस असेल तर मूळ प्रजाती कोणती होती आणि ती कुठल्या पुराव्यावर बदलली, हे शोधा. दोन दिवस जातील. पण मार्गदर्शकांनी 'तुलनेला हीच जाती का?' असं विचारलं, की उत्तर तयार असेल.