मालमोटारीचा पुढचा आंस

अवजड मालमोटार घाट उतरूं लागली म्हणजे पाहणाऱ्याची नजर सहसा तिच्यावर रचलेल्या मालाकडे जाते. परंतु गाडीचें आणि तिच्या वाटेंत येणाऱ्या सर्वांचें भवितव्य ज्याच्यावर अवलंबून असतें, तो पुढचा आंस मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. जुलै २०१८ मध्यें भारत सरकारनें भारमर्यादा वाढविल्या, तेव्हां दोन टायरांच्या आंसावर ६ टनांऐवजीं ७ टन भार घेण्याची मोकळीक मिळाली. उतारावर ब्रेक लावतांच गाडीचा भार पुढें झुकतो आणि या आंसावरील ताण आणखी वाढतो. भार पेलणें आणि गाडी वळविणें, अशीं दोन कामें त्या एकट्यास करावीं लागतात.

पूर्वीच्या चारचाकी घोडागाडींत पुढचा सबंध आंस मधल्या खिळीभोवतीं फिरे. वळण तीव्र असलें कीं गाडी कलंडण्याचें भय असे. म्यूनिकच्या लँकेनस्पर्गर नांवाच्या कारागिरानें आंस स्थिर ठेवून केवळ टोकांचीं चाकें वळविण्याची युक्ति काढली आणि १८१८ सालीं अ‍ॅकरमन यानें इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. मालमोटारींत आजही तेंच तत्त्व दिसतें. घडीव पोलादाची एक आडवी तुळई, तिच्या प्रत्येक टोकास ‘किंग पिन’ नांवाची जाड उभी खीळ, त्या खिळीभोवतीं वळणारा सांधा आणि त्या सांध्यावर बेअरिंगांच्या आधारें फिरणारें चाक, अशी ही रचना आहे. दोन्ही चाकें बरोबर वळावीं म्हणून त्यांचे सांधे ‘टाय रॉड’ नांवाच्या दांड्यानें जोडलेले असतात.

खीळ आणि तिच्याभोवतींचें बुश यांच्यामध्यें ग्रीसचा पातळ थर असतो. तो आहे तोंवर धातु धातूस घासत नाहीं. पावसाळ्यांतील चिखलपाणी आंत शिरलें कीं हा थर नासतो आणि झीज सुरू होते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या मुदतीनें ग्रीस भरणें अगत्याचें आहे. आधीं निपल स्वच्छ पुसावें, नाहीं तर ग्रीसबरोबर वाळूचे कणही आंत जातात. मग जुनें काळपट ग्रीस बाहेर पडून नवें दिसूं लागेपर्यंत पंप मारावा. एखाद्या निपलांत ग्रीस शिरतच नसेल, तर तें तसेंच सोडूं नये. तोच सांधा आंतून कोरडा पडत असतो.

झीज ओळखण्यास फारशीं उपकरणें लागत नाहींत. मागच्या चाकांस दगडाची ओट लावून पुढचा आंस जॅकनें उचलावा आणि खालीं भक्कम टेकू द्यावा. मग चाक वरून व खालून धरून हालवावें. तें डुगडुगलें, तर दोष बेअरिंगांत किंवा किंग पिनमध्यें असतो. तो नेमका कोठें, हें ठरविण्याची रीत सोपी आहे. दुसऱ्या माणसानें ब्रेक दाबून धरावा: डुगडुग थांबली तर बेअरिंग ढिलें, आणि तशीच राहिली तर किंग पिन किंवा तिचें बुश झिजलें, असें समजावें. टाय रॉडचे सांधे तपासावयाचे तर चाकें पुन्हां जमिनीवर टेकवावीं. एकानें स्टिअरिंग थोडें डावीउजवीकडे हालवावें आणि दुसऱ्यानें बाजूला राहून खालीं पाहावें. जो सांधा आधीं नुसता हालतो आणि मग दांड्यास ओढतो, तो सैल झाला.

आंस स्वतःही कांहीं खुणा देत असतो. टायरवर हात फिरवितांना एका दिशेनें तो गुळगुळीत आणि उलट दिशेनें करवतीसारखा लागला, तर दोन्ही चाकांचा परस्पर मेळ बिघडला आहे. प्रवासानंतर एका चाकाचा हब दुसऱ्याहून फार तापलेला आढळला, तर बेअरिंग फाजील आंवळलेलें आहे अथवा ब्रेक चिकटत आहे. नटाखालून गंजाची तांबूस रेघ ओघळलेली दिसली, तर तो नट सैल असण्याचा संशय धरावा.

मोठा धक्का बसून तुळई वांकली, तर ती भट्टींत तापवून सरळ करण्याचा मोह कांहीं ठिकाणीं होतो. हा मोह घातक आहे. कारखान्यांत विशिष्ट तापमानाचे संस्कार करून पोलादास जें बळ दिलेलें असतें, तें अशा तापविण्यानें किंवा डाग देऊन जोडण्यानें नाहींसें होतें. वरून सरळ दिसणारी ती तुळई पुढें भाराखालीं केव्हां तुटेल याचा नेम राहत नाहीं. अशी तुळई बदलणें हाच मार्ग होय.

ब्रेक क्षीण होत चालला तर तें चालकाच्या पायास बहुधा कळतें. टाय रॉडचा सांधा निखळला, तर चक्र हातांत राहतें आणि चाक भलतीकडे वळतें. मग कौशल्यास वाव उरत नाहीं. सरकारी तपासणीचा दाखला त्या एका दिवसापुरती साक्ष देतो. पुढील महिन्यांतील झीज त्यास ठाऊक नसते. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून तिच्याखालीं डोकावणाऱ्या क्लीनरचीं तीं दहा मिनिटें मालधन्यास वायां गेलेलीं वाटतात. पण समोरून कुटुंबासह येणाऱ्या माणसाच्या सुखरूपतेंत त्या दहा मिनिटांचा वांटा असतो, आणि तो पगारांतून कापून घेण्याजोगा खचित नव्हे.